पाच मशिदींची एक बांग

आमच्या अब्बांनी आयुष्यभर दोन कामं केली. दिवसभर कापूस पिंजून गाद्या-उशा भरायच्या आणि पाच वेळा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या मशिदीत जाऊन बांग द्यायची. पहिल्या कामावर घर चाललं. दुसऱ्या कामानं त्यांचं नाव पुसून टाकलं. उदगीरच्या आमच्या भागात त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. लहानथोर सगळे बांगीसाब म्हणतात.

मी त्यांची मुलगी. शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. नवरा वारल्यावर अब्बांकडं राहायला आले ती तिथंच राहिले. अम्मी त्याच्या आधीच गेली होती. थोरला भाऊ नांदेडला असतो, त्याचं टायरचं दुकान आहे. घरात आम्ही दखनी बोलतो, पण लिहायला बसलं की मला मराठीच सुचतं. इतकी वर्षं फळ्यावर तेच लिहीत आले.

आमच्या गल्लीत बायका मशिदीत जात नाहीत. त्यामुळं आम्हाला मशीद ठाऊक आहे ती आवाजानं. पहाटे अब्बा उठायचे, नळाखाली हात-तोंड-पाय धुऊन वजू करायचे, खोकत खोकत दार ओढून जायचे, आणि थोड्या वेळानं भोंग्यातून त्यांचाच आवाज घरात परत यायचा. कापसाच्या धुळीनं तो आवाज फार लवकर खरखरीत झाला होता. सुरेल वगैरे तो कधीच नव्हता. पण आमचं सगळं त्यावर चालायचं. शेजारी सिस्टर राहतात, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. त्या बौद्ध. त्या म्हणायच्या, "चाचाचा खोकला आला की मी कूस बदलते, बांग झाली की उठते. मला गजर लागत न्हाई."

आमच्या भागात अशा पाच मशिदी. अल्ला एक, रसूल एक, किताब एक. बांग मात्र प्रत्येकीची थोडी पुढं-मागं. दोन मशिदींत बांगेच्या आधी रसूलवर सलाम पढतात. आमच्या छोट्या मशिदीत आणि जामा मशिदीत ते चालत नाही. पाचवी बाजाराकडची. तिथं उतरत्या दुपारची असरची नमाज बाकीच्यांच्या बरीच आधी होते, त्यांच्या हिशेबानं सावली लवकर भरते. या सगळ्याला जुनी, विद्वानांनी सांगितलेली कारणं आहेत आणि ती ज्याला-त्याला पाठ आहेत. अब्बांना कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "मला एवढंच ठाऊक हाय, वेळ झाली की उभं राहायचं."

सगळं सुरू झालं ते एका मयतीवरून. गल्लीतले एक वयस्कर शिंपी वारले. ते स्वतः सलामवाल्या मशिदीत जायचे, त्यांची मुलं बाजाराकडच्या मशिदीत. जनाजा कब्रस्तानात पोचला आणि नमाज कुणी पढवायची यावर बोलणी लागली. एका इमामाच्या मागं दुसरे उभे राहायला तयार नाहीत. वैशाखाचं ऊन. मयत तशीच खाली ठेवलेली, आणि चार-चार जणांचे घोळके बाभळीच्या सावलीत उभे राहून हलक्या आवाजात भांडतायत. शेवटी नमाज दोनदा झाली. अब्बा घरी आले, पाणी प्याले आणि दिवसभर पिंजायला बसलेच नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मेलेल्या माणसाला बी ताटकळत ठेवलं आज."

त्या मयतीला हाजीसाब होते. त्यांची लाकडाची वखार, आणि जामा मशिदीचे ते सदर, म्हणजे अध्यक्ष. बोलायला मऊ, वागायला सरळ. पुढच्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजेआधी ते स्वतः माइकवर बोलले. मला सुट्टी होती, मी घरात भाजी निवडत ऐकत होते.

"खिलाफत गेली आणि आपण बिनधन्याच्या बकऱ्या झालो," ते म्हणाले. "जो-तो ज्याच्या-त्याच्या रानात. सगळ्या दुनियेचं माझ्या हातात नाही. पण या पाच मशिदींचं तर आपल्या हातात हाय. एक बांग, एक चांद, एक फैसला. पाचांचं मिळून एक मरकज, एक मुख्य ठाणं करू, ते जे ठरवेल ते सगळ्यांनी ऐकायचं. आपल्या मयती तरी उन्हात पडणार न्हाईत."

त्याच सुमाराला पोलीस ठाण्यात भोंग्यांच्या आवाजाबद्दल बैठक झाली. पाचही मशिदींचे लोक गेले होते. आवाज किती ठेवायचा ते सांगितलं गेलं, आणि साहेबांनी सहज विचारलं म्हणे, तुम्ही पाच जण मिळून एकच का नाही करत? हाजीसाबांना ही गोष्ट वरून इशारा आल्यासारखी वाटली. पुढं महिना-दीड महिना ते या मशिदीतून त्या मशिदीत जात राहिले. ज्या घरांत त्यांना कधी कुणी चहा पाजला नव्हता तिथंही जाऊन बसले. माणसं थकली होती, म्हणून तयार झाली असं मला वाटतं. भांडून भांडून नव्हे, रोजचं ऐकून. बाहेर काय चाललंय ते सगळे फोनवर बघत होते, आणि घरात आपण सावली मोजत बसलोय याची लाज प्रत्येकाला होती.

भावाचा नांदेडहून फोन आला. तो तिकडं काही मंडळींबरोबर बसायला-उठायला लागला होता, त्याच्या बोलण्यात 'उम्मत', म्हणजे जगभरचे सगळे मुसलमान, हा शब्द फार यायचा. "अब्बा, हे फार मोठं काम आहे," तो म्हणाला. "अशीच सुरुवात होते. आज गल्ली, उद्या शहर. सगळ्यांवर आपला एक अमीर, एक पुढारी असता तर आज ही पाळी आली असती का?"

अब्बा फोन कानापासून जरा लांब धरून ऐकत होते. म्हणाले, "खलीफा होते तवा बी या गल्लीत बांग इथलाच माणूस देत व्हता, बेटा. तुझा दुकान कसा चाललाय?"

ठरलं ते असं. माइक फक्त जामा मशिदीत राहील. तिथून बाकी चार मशिदींना वायर जाईल आणि पाचही भोंग्यांतून एकाच वेळी, बेताच्या आवाजात, एकच बांग निघेल. खांबाखांबावरून काळी वायर ओढली गेली, आमच्या दारावरूनही गेली. बांगेसाठी एक तरुण हाफिज, सगळं कुराण पाठ असलेला, आणला. मूळचा उमरीकडचा, मदरशातून नुकताच बाहेर पडलेला, आणि गळा असा की ऐकणाऱ्याचा हात थांबावा. बाकीच्या बांग्यांनी आता आपापल्या मशिदीची झाडलोट आणि पाणी बघायचं.

हे सांगायला हाजीसाब स्वतः घरी आले. अब्बा कापसाच्या ढिगात बसले होते. हाजीसाब जमिनीवरच टेकले.

"बडे मियाँ, तुम्हाला वाईट वाटेल," ते म्हणाले.

"वाईट काहून वाटंल?" अब्बा म्हणाले. "माझा घसा तसाबी गेलाय. पोरगा चांगला हाय, मी ऐकला."

"तुमच्या तोंडून 'हाव, चालंल' निघालं की बाकीचे तिघं बांगी ऐकतील. म्हणून पहिल्यांदा तुमच्याकडं आलो."

अब्बांनी दाढीवरचा कापूस झटकला. "हाव म्हणलो ना," ते म्हणाले. "जबान दिली. आता तुमचं मरकज जे म्हणंल ते."

मी चहा घेऊन दारात उभी होते. मला तेव्हा हाजीसाबांचा राग आला नाही. ते उठले तेव्हा त्यांचे गुडघे वाजले आणि अब्बांनी हात देऊन त्यांना उभं केलं, ते मात्र आठवतं.

पहिल्या दिवशी पहाटे आमच्या घरावर जो आवाज आला तो खरंच सुंदर होता. पाची दिशांनी एकदम येणारा, थोडा घुमणारा. अब्बा सवयीप्रमाणे आधीच उठून मशिदीत गेले होते. नंतर कुणीतरी सांगितलं की भोंगा सुरू झाला तेव्हा ते मिंबराच्या, इमामाच्या भाषणाच्या पायऱ्यांच्या, बाजूला कानावर हात ठेवून उभे होते, आणि मग त्यांनी हात हळूच खाली घेतला. मला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला सकाळची बस गाठायची होती.

लोक खूश होते. नवी एकी दाखवायला पाहुण्यांना बोलावून बांग ऐकवायचे. मुलाच्या सोयरिकीत 'आमच्याकडं पाच मशिदींचा एक फैसला' असं सांगायचे. हाफिज जुम्म्याला आमच्याकडं जेवायला यायचा. उमरीला त्याची आई आणि बहिणी. मान खाली घालून जेवायचा, आणि वाढताना मी 'बस का?' विचारलं की लाजायचा. एकदा अब्बांना म्हणाला, "चचा, बांग तुमची घेतली मी. मनात ठेवू नका."

"बांग कुणाची नसती रे," अब्बा म्हणाले. "तू खा. आवाजासाठी दुधात हळद घेत जा."

पण घर बदललं ते मला कळत होतं. अब्बा आधी वेळेत बांधलेले होते. हात पिंजणावर असायचे आणि कान सावलीवर. आता ते कामात मधेच थांबायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, धूळ आहे, काम सोडा. काम सोडून करायचं काय ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. सिस्टर एकदा मला म्हणाल्या, "मॅडम, नव्या पोराचा आवाज लई गोड हाय, पण मला जाग येत न्हाई त्यानं. गोड आवाजानं झोप लागती."

संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसायचो. मी त्यांना मरकजबद्दल सांगत असे. त्या शांतपणे ऐकायच्या, मग हसायच्या. "आमच्याकडं बी ऐक्याच्या बैठका व्हायच्या," त्या म्हणाल्या. "माझे मालक जायचे. चार गट, चार निळे झेंडे, सगळ्यांच्या स्टेजवर बाबासाहेबांचा एकच फोटो. बैठकीला सगळे यायचे. ऐक्य झालं म्हणून घरी येऊन मालक पेढे वाटायचे. पुढल्या जयंतीला बघावं तर पाच मिरवणुका. आधी चारच व्हत्या." हे सांगताना त्यांना दुःख झालेलं दिसत नव्हतं. फार दिवसांपूर्वी मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या.

पहिली कुरकूर असरवरून आली. बाजाराकडच्या मशिदीला सांगितलं होतं की तुमची असर तुमच्या वेळेला द्या, पण माइकशिवाय. काही महिने त्यांनी तसं केलं. मग त्यांचे लोक म्हणायला लागले, चार बांगा मरकजच्या मोठ्यानं आणि आमची एकच चोरून का? आम्ही काय कमी मुसलमान आहोत? हाजीसाब त्यांच्याकडं तीनदा जाऊन आले. भांडण झालं नाही. एके दिवशी त्यांनी वायर काढून, नीट गुंडाळी करून, ज्याच्या दुकानातून आणली होती त्याच्याकडं पोचवली आणि सलाम सांगितला.

मग सलामवाल्या दोन मशिदींनी हाफिजला बांगेआधी सलाम पढायला सांगितलं. जामा मशिदीच्या लोकांनी पढू नको म्हणून सांगितलं. बिचारा पोरगा अब्बांकडं आला. "चचा, पढलो तर हे काढतील, नाही पढलो तर ते काढतील. मी काय करू?"

अब्बांनी हातातला कापूस खाली ठेवला. "मला ठाऊक असतं तर तुझ्या जागी मीच नसतो का," ते म्हणाले. मग त्याला वाईट वाटलं असेल म्हणून त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

हाजीसाबांनी मार्ग काढला: ज्यांना सलाम पढायचाय त्यांनी आपल्या मशिदीत तोंडी पढावा, मग वायरीवरून बांग येईल. असं ते रमजानपर्यंत रेटत गेलं. दर पंधरा दिवसांनी कुठंतरी काहीतरी निघायचं आणि हाजीसाब काठी टेकत तिकडं जायचे. वखारीत आता त्यांचा मुलगा बसत होता. वाटेत ते मला दोन-तीनदा दिसले. एकदा बसस्टँडसमोर रस्ता ओलांडायचं विसरून उभे होते. मी सलाम केला. म्हणाले, "शाळा कशी चाललीय बेटी? पोरं ऐकतात का?" मी म्हटलं, काही ऐकतात. ते म्हणाले, "तेवढं बास असतं."

रमजान सगळ्यांनी एकत्र सुरू केला, बाजाराकडच्यांनीसुद्धा. हाजीसाबांच्या चेहऱ्यावर पुन्हा थोडं तेज आलं. महिना सरत आला तसा भाऊ बायको-पोरांना घेऊन नांदेडहून आला. अब्बांची तब्येत बरी नाही, यंदा ईद उदगीरला करू म्हणाला. घर भरलं. भाभी आणि मी शेवया, खारीक, चारोळी काढून ठेवली.

एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी आभाळ आलेलं होतं. पोरं गच्चीवर चढून पश्चिमेकडं ईदचा चांद शोधत होती, ढगांशिवाय काही नव्हतं. सूर्य बुडाल्यावरच्या मगरिबनंतर भोंग्यातून हाजीसाबांचा आवाज आला. "चांद दिसला नाही. पाहिल्याची भरवशाची शहादत, कुणाची साक्ष, मिळाली नाही. मरकजचा फैसला आहे, उद्या तिसावा रोजा."

अब्बा म्हणाले, "ठीक हाय. पहाटे सेहरीला उठायचं."

तेवढ्यात भावाचा फोन वाजला. मग वाजतच राहिला. नांदेडला चांद जाहीर झाला होता, दोघांनी पाहिल्याची शहादत दिली होती, बाजारात गर्दी उसळली होती. तो अब्बांकडं वळला. "अब्बा, उद्या ईद आहे."

"इथं न्हाई."

"इथं आणि तिथं दोन चांद आहेत का? शहादत आलीय. आता रोजा धरणं गुनाह आहे."

"आलीय तर हाजीसाबला कळवा. ते म्हणतील तसं."

भावानं फोन लावला. माझ्यासमोर लावला. हाजीसाब म्हणाले की, पाहणाऱ्यांशी माझं बोलणं करून द्या, मी ऐकून ठरवतो. पाहणाऱ्यांचा नंबर भावाकडं नव्हता. ज्यानं त्याला कळवलं त्याला दुसऱ्यानं कळवलं होतं. तो इकडं-तिकडं फोन करत राहिला. दरम्यान सलामवाल्या एका मशिदीनं आपला जुना भोंगा लावला आणि ईद मुबारक जाहीर केलं. पाठोपाठ दुसरीनं. मग आमच्या डोक्यावरच्या भोंग्यातून पुन्हा हाजीसाब बोलू लागले, "भाइयों, मरकजच्या फैसल्याशिवाय कुणी..." आणि आवाज मधेच तुटला. कुणीतरी वायर ओढली होती. गल्लीत अर्ध्या घरांतून हसण्याचे आणि मेहंदीचे आवाज, अर्धी घरं गप्प.

भाऊ खाटेवर बसला. "बघा," तो म्हणाला. "म्हणूनच म्हणतो, एक मोठा अमीर पाहिजे. असे गल्लीतले हाजी काय कामाचे?"

अब्बा त्याच्याकडं बघत राहिले. चिडले नव्हते. "एकी पाहिजे म्हणून नांदेडहून फोन करणारा तूच व्हतास ना रे," ते म्हणाले. "आता घरात बसून दोन ईदी करतोस. तुझा मोठा अमीर आला आणि तुला न पटणारं बोलला, तर ऐकशील का त्याचं?"

"खरं बोलला तर ऐकीन."

"मग झालंच की. तेवढं तर आत्ता बी ऐकतोस."

भावानं पुन्हा वाजणारा फोन बंद केला. भाभीनं पोरांना आत नेलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात ईद होती आणि रोजाही होता. भाऊ पोरांना नवे कपडे घालून सलामवाल्या मशिदीत ईदच्या नमाजेला गेला. अब्बांनी रोजा धरला. मी काय करायचं ते मला कुणी विचारलं नाही. सेहरीच्या वेळी अब्बा एकटेच भाकरी मोडत बसलेले दिसले आणि मीही त्यांच्या शेजारी बसले. फैसला वगैरे मी काही केला नाही. मग सकाळी उठून शीरखुर्मा केला, कारण तो भाभीला आमच्या पद्धतीचा जमत नाही. साखर बरोबर आहे का ते चाखायला तिला बोलावलं. ती म्हणाली, "आपा, तुम्ही राहू द्या, मी करते," पण तिला माझ्याकडं बघवत नव्हतं. अब्बांना ती दोनदा 'ईद मुबारक' म्हणता म्हणता थांबली.

हाफिज सकाळीच गेल्याचं कळलं. आदल्या संध्याकाळी दोन्हीकडच्यांनी त्याला घेरलं होतं. एक म्हणत होते जाहीर कर, दुसरे म्हणत होते तोंड उघडलंस तर बघ. पहिल्या बसनं तो उमरीला निघून गेला. त्याची एक उशी आमच्याकडं भरायला टाकलेली होती, ती तशीच राहिली.

दुपारी जोहरची वेळ झाली आणि बांग आलीच नाही. वायर तुटलेली, हाफिज गेलेला, आमच्या मशिदीचा जुना माइक कधीच कुणीतरी नेलेला. गल्लीतले रोजेदार दारात उभे राहून एकमेकांकडं बघत होते. अब्बा उठले, टोपी घातली आणि गेले. मी खिडकीशी उभी राहिले. भाऊ जेवून बसला होता, हातात शीरखुर्म्याची वाटी.

माइक नसल्यानं आवाज आमच्यापर्यंत जेमतेम पोचला. लई दिवस न वापरलेला, रोज्यानं कोरडा पडलेला. पहिले बोल कसेबसे आले. 'हय्या अलस्सलाह'ला, 'नमाजेला या' म्हणायच्या जागी, आवाज फुटला आणि थांबला. खोकला ऐकू आला. बराच वेळ नुसता खोकला. कुणीतरी दुसऱ्यानं पुढं म्हणायला हवं होतं, पण तिथं दुसरं कुणी नव्हतं, किंवा होतं आणि त्याला धीर झाला नसेल. मग त्यांनी पुन्हा तिथूनच उचललं आणि शेवटपर्यंत नेलं. शेवटचे बोल मला ऐकू आले नाहीत, माहीत आहेत म्हणून मी मनात म्हटले.

भावानं वाटी खाली ठेवली. म्हणाला, "पाणी तरी प्यायला हवं होतं त्यांनी."

मी म्हटलं, "रोजा आहे त्यांचा."

त्यानं मान हलवली. परत आल्यावर अब्बा आडवे झाले. भाऊ त्यांच्या पायाशी जाऊन बसला आणि पाय चेपत राहिला. तो त्या दिवशी जाणार होता, थांबला. दुसऱ्या दिवशी अब्बांची ईद झाली तेव्हा त्यानं पुन्हा नवे कपडे घालून त्यांना मिठी मारली, शीरखुर्मा पुन्हा खाल्ला आणि दुपारच्या गाडीनं नांदेडला गेला. आता फोनवर तो दुकानाचं बोलतो, पोरांच्या परीक्षेचं बोलतो. बाकीचं काढत नाही.

मरकज बंद झालं असं कुणी कधी जाहीर केलं नाही. बैठक ठेवायचं राहून गेलं आणि मग कुणी ठेवली नाही. महिन्याभरात प्रत्येक मशिदीत आपापला माइक आला. आमच्या मशिदीच्या लोकांनी अब्बांना विचारलं. ते म्हणाले, पहाटेची फजर, संध्याकाळची मगरिब, रात्रीची इशा मला आता जमत न्हाई, जोहर आणि असर देईन. पहाटेची आता जो लवकर येईल तो देतो, कधी चहावाला, कधी एक रिक्षावाला. कुणाची तक्रार नाही. सिस्टरनी मोबाइलला गजर लावायला माझ्याकडून शिकून घेतलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी, शाळा उघडल्यावर, हाजीसाब घरी आले. मी शाळेतून येऊन नुकती चप्पल काढली होती. ते वाळले होते. खाटेवर बसायला सांगितलं तरी खालीच बसले.

"बडे मियाँ," ते म्हणाले, "तुमची बांग घेतली आणि काही देऊ शकलो न्हाई."

"तुम्ही कुठं काय घेतलं," अब्बा म्हणाले.

"लोक म्हणतात हाजीला खलीफा व्हायचं व्हतं." ते हसले, पण ते हसणं लगेच संपलं. "मला फक्त ती मयत उन्हात दिसत व्हती. अजून दिसती."

अब्बांनी त्यांच्याकडं पाण्याचा तांब्या सरकवला. "मला बी दिसती," ते म्हणाले.

"आता पुन्हा तसं झालं तर?"

"व्हईल की. कधीतरी व्हईलच."

"मग आपण काय करायचं?"

अब्बांनी विचार केला. त्यांना लवकर उत्तर येत नाही, आणि आलं तरी ते उत्तरासारखं नसतं. "छत्री घेऊन जाऊ," ते म्हणाले. "मोठी. मयतीवर धरायला."

हाजीसाब पुन्हा हसले आणि या वेळी थोडा वेळ हसत राहिले. मग डोळे पुसले. मी चहा दिला. दोघं बराच वेळ गुडघ्यांच्या दुखण्याबद्दल, लातूरच्या एका डॉक्टरबद्दल, सागवानाला गिऱ्हाईक राहिलं नाही त्याबद्दल बोलले. मगरिब व्हायला आली तशी दोघं उठली. अब्बांनी विचारलं, "जामा मशिदीत जाता का इथंच?"

"इथंच," हाजीसाब म्हणाले. "तेवढं चालवत न्हाई आता."

दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून पायरी उतरली. मी कप गोळा केले, मोरीत ठेवले, आणि चौथीच्या पोरांचे निबंध तपासायला घेतले. विषय मीच दिला होता, 'माझं गाव'. बहुतेकांनी एकसारखंच लिहिलं होतं.